दिवा कधी लागतो?

सकाळी ८.००

दसऱ्यानंतरचे दिवस बीडमधल्या मिस्त्रीला जेवायलाही सवड देत नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या नि कर्नाटकातल्या कारखान्यांकडं निघायच्या असतात. मुकादमांच्या जीपांना क्लच प्लेट, ब्रेक, पाटे, सगळं एकाच आठवड्यात पाहिजे असतं. शटर वर केलं तेव्हा जीपा आधीच रांगेत होत्या आणि त्यांच्या मागं एक पांढरी मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली.

मालक निवृत्त शिक्षक. दर महिन्याला पत्नीला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखवायला याच गाडीनं नेतात.

"मिस्त्री, ऑइलचा दिवा लागायलाय. लागतो, जातो. एकानं सांगितलं, इंजिन काम करा. दुसऱ्यानं जाड ऑइल टाकून दिलं. तरी लागतोच."

बॉनेटला हात न लावता मी वही काढली. "दिवा कधी लागतो, गुरुजी?"

"मधूनमधून."

"तसं नाही. गाडी थंड असताना? गरम झाल्यावर? सिग्नलला उभी असताना, का पळताना? चढावर, वळणावर, का ब्रेक दाबल्यावर?"

ते थांबले, आठवून सांगू लागले. बीडमधून निघताना कधीच नाही. मांजरसुंब्याचा घाट चढून नेकनूरकडं वळलं, थोडं पळवलं की लागतो. रस्त्याच्या कडेला थांबून पाणीबिणी पिऊन पुन्हा चालू केली की गेलेला असतो. परत येताना केजच्या अलीकडं कधी लागतो, कधी नाही.

मी सगळं उतरवून घेतलं. ऑइलचं प्रेशर पडायला पाच-सहा कारणं असतात आणि प्रत्येकाची यायची वेळ वेगळी. वळणावर किंवा ब्रेक दाबताना दिवा चमकला तर इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल कमी. ते एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या नळीचं तोंड उघडं पडतं. गरम इंजिन स्लोवर उभं असताना दिवा मिणमिणला आणि रेस देताच गेला तर बेअरिंगं झिजलेली किंवा ऑइल पातळ. खड्ड्यात चाक आपटलं की लागला तर वायर. आणि बराच वेळ पळाल्यावर लागला, थांबल्यावर गेला, तर पंपाला ऑइल ओढू न देणारं काहीतरी खाली आहे. गुरुजींचं उत्तर या शेवटच्या खान्यात बसत होतं. पण उत्तरावर इंजिन उघडायचं नसतं.

सकाळी ८.४५

रात्रभर उभी असलेली गाडी हीच तपासायला बरी, कारण सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. काडी काढली: पातळी वरच्या खुणेला. काडीचा वास घेतला. या मॉडेलचा पेट्रोल पंप कॅमशाफ्टवर चालतो. त्यातला पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पाण्यासारखं होतं आणि प्रेशर जातं. वास पेट्रोलचा नव्हता. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नाही, म्हणजे रेडिएटरचं पाणीही आत गेलेलं नाही.

मग दिवा. चावी फिरवली, इंजिन बंद, दिवा लागला: बल्ब ठीक. स्विचवरची वायर काढली, दिवा विझला. वायर बॉडीला टेकवली, पुन्हा लागला. हा स्विच अगदी साधा असतो. प्रेशर नसलं की तो वायरला बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. मधेच कुठं वायरचं कातडं सोललं आणि ती पत्र्याला घासली, तरी दिवा लागणारच, इंजिनात सगळं आबादीआबाद असलं तरी. म्हणून वायर मुळापासून हातानं हलवत, वाकवत तपासली. दिवा हलला नाही.

या दिव्याचं दुसरं एक दुखणं लोकांना ठाऊक नसतं. तो पेटतो तेव्हा प्रेशर पाव-अर्ध्या किलोच्या खाली गेलेलं असतं. गरम इंजिन पळताना तिथं चौरस सेंटिमीटरला तीन किलोच्या पुढं, म्हणजे चौरस इंचाला त्रेचाळीस पौंडांच्या वर पाहिजे. तीनाचं दोन झालं, दोनाचं एक झालं, तरी दिवा गप्प. जीपेच्या जुन्या डॅशबोर्डवर काटा असायचा, ड्रायव्हरला घसरण दिसायची. इथं एकदम निकालच कळतो.

सकाळी ९.३०

काटा नाही, तर लावायचा. इंजिन थंड असतानाच स्विच काढला. त्याच्या जागी एक सुताचा आटा असलेला पितळी निप्पल, त्याला प्रेशरचा रबरी पाईप, पुढं टी, टीच्या एका तोंडाला काटा आणि दुसऱ्याला मूळ स्विच. टी सरळ इंजिनावर बसवत नाही. गाडीच्या थरथरीनं वजन पडून आटे तुटू शकतात. स्विच मात्र पाईपवर लटकला की त्याची अर्थिंग जाते, म्हणून त्याला बॉडीपासून वेगळी वायर ओढली. आता काटा आणि दिवा दोघांची साक्ष एकाच वेळी मिळणार.

माझ्याकडं शिकणारा पोरगा पाईप खिडकीतून आत घ्यायला निघाला. त्याला थांबवलं. शंभर अंशांचं ऑइल प्रेशरनं वाहणारा पाईप माणसांच्या मांडीजवळ नको. तो फुटला तर चटका नुसता हातावर निभावत नाही. काटा बाहेर, वायपरच्या मुळाशी, काचेतून दिसेल असा बांधला.

थंड स्टार्ट. काटा दमानं चढला नाही, क्षणात चार किलोच्या पुढं गेला. वहीत लिहिलं. पंपाच्या नळीत हवा शिरत असती, तर काटा उठायला वेळ लागला असता.

सकाळी १०.१५

इंजिन स्लोवर सोडून जीपांकडं वळलो. एकीचा क्लच उतरवायला लावला, दुसरीचे ब्रेक लायनर बघितले. दर थोड्या वेळानं येऊन मारुतीचा काटा वाचायचा: चार, साडेतीन, अडीच, दोन. पंखा चालू होईपर्यंत गरम झाल्यावर दीडला स्थिरावला.

गुरुजी काळजीत पडले. "खाली उतरतोय की!"

"उतरायलाच पाहिजे. गरम ऑइल पातळ होतं."

क्रँक आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-चार पट एवढीच फट असते. पंप त्या फटीत ऑइल ढकलतो आणि धातू धातूला न टेकता त्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. फट ऑइलला अडवते, म्हणून मागं प्रेशर उभं राहतं. बेअरिंग झिजून फट वाढली की ऑइल सहज निसटतं, आणि ते कळतं ते असं गरम स्लोवर, पंप सर्वांत हळू फिरत असताना. इथं दीड किलो टिकला होता. इंजिन काम सांगणाऱ्यानं हा आकडा पाहिलेला नसावा.

गुरुजींची गेवराईकडं मोसंबीची बाग आहे. त्यांना म्हटलं, "तुमच्या ठिबकचं बघा. मोटार चांगली, नळ्या चांगल्या, पण फिल्टरची जाळी तुंबली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. इथं शेवटचं झाड म्हणजे वरचा कॅमशाफ्ट."

"आणि जाळी पंपाच्या आधी असली तर?"

शिक्षकच ते. नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं.

सकाळी ११.३०

दोष ज्या रस्त्यावर येतो, तिथंच गाडी न्यायची. गॅरेजच्या दारात उभं राहून रेस दिल्यानं घाट तयार होत नाही. गुरुजी चालवायला, मी शेजारी वही घेऊन. पाठीमागं पाण्याचा कॅन, ऑइल, पाने.

सोलापूर रस्त्यानं निघालो. खजाना विहिरीचा फाटा गेला, पालीला बिंदुसरेचं धरण दिसलं. या गाडीला टॅकोमीटर नाही. गिअर आणि वेग बघून इंजिनाच्या फेऱ्यांचा अंदाज धरतो. काटा साडेतीनला खिळल्यासारखा. खड्ड्यात दिवा लागला नाही, ब्रेकला काटा हलला नाही. वहीत दोन कारणांवर काट मारली.

घाटात उसाच्या फडाकडं निघालेले ट्रॅक्टर, त्यांच्या ट्रॉल्यांवर संसार, वर बसलेली पोरं. ओव्हरटेक करायला जागा नाही म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडत वर गेलो. अर्ध्या घाटात काटा तीनवर आला. माथ्यावर अडीच. मांजरसुंबा सोडून नेकनूरच्या रस्त्याला लागलो, सपाट रस्ता, गुरुजींनी वेग वाढवला.

आणि काटा खाली सरकू लागला. दोन. पावणेदोन. शिवाय थरथरायला लागला.

"पाय उचला."

अॅक्सिलरेटर सोडला, इंजिनाचा वेग उतरला, तसा काटा वर आला. पुन्हा थोडा वेग दिला, पुन्हा खाली. वरच्या बाजूनं टॅपेटची टिकटिक ऐकू आली. सर्वांत लांबच्या टोकाला ऑइल कमी पडायला लागलं होतं. दिवा अजून विझलेलाच. त्याची वाट न बघता गाडी कडेला घ्यायला लावली आणि चावी बंद.

पंपाचा वेग वाढला की प्रेशर वाढायला पाहिजे. जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यानं उघडा अडकला असता, तरी वेगाबरोबर काटा थोडा का होईना वर गेला असता. झिजलेली बेअरिंगं तर वेगात सावरतात, स्लोवर उघडी पडतात. इथं सगळं उलटं होतं: जितका जास्त वेग तितकं कमी प्रेशर, आणि काट्याची थरथर. पंप जितकं मागतो तितकं त्याला खालून मिळत नाही, तेव्हाच असं होतं.

दुपारी १२.३०

गाडी उभी करून चहाच्या टपरीवर बसलो. रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या लागलेल्या. बालाघाटच्या या डोंगरातली सीताफळं या दिवसांत सगळ्या फाट्यांवर दिसतात. गुरुजींनी पाटी घेतली. म्हणाले, मांजरसुंब्याला आलो तर रबडीही घेऊ. मी घड्याळाकडं बघत होतो.

चहा संपवून चावी फिरवली. स्लोवर काटा पावणेदोन, रेस दिल्यावर साडेतीन. जणू काही झालंच नव्हतं. पंप थांबला की त्याची ओढ थांबते, आणि जाळीला चिकटलेला कचरा आपोआप खाली पडतो. गुरुजींनी पाणी प्यायला थांबणं, आणि दिवा जाणं, याचा अर्थ आता दोघांनाही लागला.

परतीला मी स्वतः चालवली. उतार, हलका पाय, चाळीसचा वेग, डोळा काट्यावर. तो दोनच्या खाली गेला असता तर गाडी तिथंच ठेवून टोचन मागवलं असतं. रिकाम्या बेअरिंगवर काही मिनिटं इंजिन पळालं की नवी क्रँक, ती जोखीम मला नको असते.

दुपारी २.००

भाकरी खाऊन लगेच ऑइल सोडलं, कोमट असतानाच. गाळ तरंगत असतो तोवर बाहेर येतो. टबावर जुन्या धोतराचं पांढरं फडकं ताणून धरलं. ऑइल गळून गेल्यावर फडक्यावर काळे कण आणि करड्या रंगाचे मऊ तुकडे. लोहचुंबक फिरवलं, नावापुरती बारीक काजळी चिकटली, चकाकणारा कीस नाही.

फिल्टर कापायचा तर हॅक्सॉ चालत नाही. करवतीचा कीस आतल्या कागदावर पडतो आणि मग तो कीस इंजिनाचा की करवतीचा, हे सांगता येत नाही. छिन्नीनं कडा उचकटून, पत्रा कातरीनं कापून कागद बाहेर काढला आणि घडी उलगडून उन्हात धरला. बेअरिंग जात असेल तर कागदावर पांढरट किंवा तांबूस चमक दिसते. तशी नव्हती. पोरग्याला हा कागद मुद्दाम दाखवला. हजारो रुपयांचं इंजिन काम करायचं की नाही, हे बहुतेक वेळा इथंच ठरतं.

दुपारी ३.००

गाडी घोड्यांवर चढवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माझ्या गॅरेजात कुणी जात नाही. खाली टॉर्च मारल्याबरोबर दिसलं: चेंबरच्या पत्र्याला मधोमध पोचा, तळहाताएवढा. उसाच्या फडाच्या वाटा, उखणलेले डांबरी रस्ते, गावोगावचे मनमानी गतिरोधक. ८०० सारख्या ठेंगण्या गाडीचा चेंबर इकडं कोरा सापडणं दुर्मीळ.

आड येणारे भाग सोडवून चेंबर उतरवला. पंपाची जाळी या पोच्याच्या नेमकी वर असते आणि दोघांत अगदी थोडी जागा उरली होती. जाळीचा अर्धा भाग काळ्या डांबरट गाळानं भरलेला. उरलेल्या अर्ध्यावर करड्या सिलिकॉनच्या वळ्या, शेवयांसारख्या लांब, आणि एक नखाएवढा पापुद्रा. मागं कधीतरी चेंबर उतरवून बसवताना कुणीतरी पॅकिंगऐवजी सढळ हातानं सिलिकॉन ओतलं होतं. चेंबर आवळला की ते जितकं बाहेर येतं तितकंच आतही येतं. बाहेरचं पुसून टाकता येतं. आतलं वाळतं, गरम ऑइलात सुटतं आणि जाळीच्या दिशेनं निघतं. वर जाड ऑइल टाकल्यानं ओढणं आणखी अवघड झालं.

गुरुजी वाकून बराच वेळ बघत राहिले. "एवढ्याशा पापुद्र्यासाठी इंजिन उघडणार होते?"

पापुद्रा एकटा नव्हता. पोचा, गाळ आणि पापुद्रा तिघं मिळून दिवा लावत होते. स्लोवर पंपाला थोडं ऑइल पुरतं, म्हणून अर्धी बंद जाळीही भागवते. घाटात मागणी वाढते, ओढ वाढते, आणि पापुद्रा उरलेल्या भोकांवर जाऊन बसतो.

दुपारी ४.००

जाळी साफ केली की मिटलं, असं नाही. दिवा लागलेला असताना गाडी पळाली होती, त्यामुळं बेअरिंगला झळ लागली का, हे बघायलाच पाहिजे. एका कनेक्टिंग रॉडची कॅप काढली, खूण करून. बेअरिंगचा रंग करडा, एकसारखा. पांढऱ्या धातूखालचा तांब्याचा थर उघडा पडलेला नाही, क्रँकवर ओरखडा नाही. कॅप खुणेप्रमाणं बसवून टॉर्क पान्यानं आवळली.

पंप उघडायचा का? त्यासाठी टायमिंग बेल्ट काढावा लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं काम आणि नवा खर्च. सकाळचे आकडे पुढं ठेवले: थंड असताना चारच्या पुढं, गरम स्लोवर दीड. पंप थकलेला असता तर हे आले नसते. पंप राहू दिला.

एवढ्यात लाईट गेली. कॉम्प्रेसर बंद, म्हणून जाळी रॉकेलात भिजवून ब्रशनं घासली आणि उलट बाजूनं धुतली, म्हणजे आतला कचरा आत ढकलला जात नाही. चेंबरचा पोचा लाकडी ठोकळ्यावर आतून ठोकून काढला, कडा काचेवर ठेवून सरळ आहे का बघितली. नळीच्या तोंडाची रबरी रिंग कडक झालेली, ती नवी घातली. ती रिंग नरम नसली तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो आणि आपण पुन्हा नेकनूरच्या रस्त्याला.

लाईट आल्यावर जाळी हवेनं वाळवली. कडा पेट्रोलनं पुसून कोरड्या केल्या, सिलिकॉनची बारीक सलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतून. चेंबर हलक्या हातानं लावला, थोडं सुकू दिलं, मग कोपऱ्याकोपऱ्यानं आवळला.

संध्याकाळी ५.३०

नवा फिल्टर आणि २०डब्ल्यू-४० ऑइल, जेमतेम तीन लिटर. गुरुजींनी विचारलं, जाड का नको? आकड्यांतला पहिला थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा शंभर अंशांवरचा. बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून लोकांना जाड ऑइल भक्कम वाटतं. पण जाड ऑइल काट्यावर आकडा वाढवतं आणि अरुंद वाटेतून उशिरा पोचतं. दुखणं झाकायला ते बरं, बरं करायला नाही.

कॉइलची वायर काढून नुसता स्टार्टर फिरवला. काटा उठलेला दिसल्यावरच वायर जोडून इंजिन चालू केलं. कोरड्या बेअरिंगवर पहिला धडाका नको.

संध्याकाळी ६.१५

पुन्हा तोच रस्ता, तोच घाट, तोच गिअर, तोच वेग. अटी बदलून केलेली चाचणी मनाचं समाधान करते, एवढंच. घाटात पुन्हा ट्रॅक्टरांची रांग होती, ती या वेळी सोयीचीच वाटली. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये ओरडत असताना काटा सव्वातीन. माथ्यावर सव्वातीन. नेकनूरच्या सपाट रस्त्यावर वेग वाढवला, काटा वर गेला. दुपारी पाय उचलायला लावला होता, ती जागा मागं पडली. नेकनूर गाठून, स्लोवर दीड बघून, मागं फिरलो.

रात्री ८.००

काटा उतरवला, मूळ जागी नवा स्विच बसवला. जुन्याच्या आट्यांतून ऑइल पाझरायला लागलं होतं. बिलात ऑइल, फिल्टर, रिंग, स्विच, सिलिकॉन आणि मजुरी. गुरुजींनी घासाघीस केली नाही.

जाताना त्यांना सांगितलं: पाचशे किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, उरलेला गाळ सुटून येईल. दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. क्लच दाबून कडेला घ्यायची, चावी बंद करायची.

मारुतीनं ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आणली आणि २०१४ च्या जानेवारीत बनवणं थांबवलं. आता ज्या उरल्यात त्या अशाच लोकांकडं, ज्यांना दुसरी घेणं परवडत नाही किंवा हीच आवडते. त्यांच्यासाठी इंजिन काम म्हणजे गाडीच्या किमतीएवढा खर्च.

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. "मिस्त्री, पुन्हा दिवा लागला तर काय काय बघायचं, ते सांगा. लिहून घेतो."

"किती वाजता, किती किलोमीटर पळाल्यावर, चढ का उतार, वेग किती, पाय उचलल्यावर गेला का, आणि थांबल्यावर किती वेळानं गेला."

त्यांनी क्रमांक घालून सगळं लिहिलं आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. उद्या सकाळी पहिली जीप क्लचची आहे. तिच्या ड्रायव्हरलाही विचारणार आहे: क्लच घसरतो, तो कधी?